४९१ व्हिसावर अ‍ॅडलेड: शहर लहान पडेल का?

सिंहगडरोड:
नमस्कार मंडळी. नवऱ्याला साउथ ऑस्ट्रेलियाचं ४९१ (राज्याच्या शिफारशीवर मिळणारा तात्पुरता व्हिसा) नॉमिनेशन मिळालंय आणि अर्ज भरायच्या ६० दिवसांची उलटी गिनती सुरू झालीय. तो ऑटोमेशन टेस्टर, ११ वर्षांचा अनुभव. मी आयसीयूत स्टाफ नर्स, अजून तिथलं रजिस्ट्रेशन सुरू केलेलं नाही. मुलगी ११ वर्षांची, मुलगा जूनमध्ये पाचचा होईल. मेलबर्नचे नातेवाईक म्हणतात, "अ‍ॅडलेड म्हणजे निवृत्त लोकांचं गाव, थांबा थोडं, इकडचं १९०, म्हणजे थेट कायम वास्तव्याचा व्हिसा, मिळेल." नोकरी, घर, शाळा, दवाखाना याबद्दल नेमकं काय ते सांगा. 'शांत आहे, छान आहे' हे व्हिडिओत बघून झालंय.

टोरेन्सकाठ:
आधी व्हिसाचं, कारण बाकी सगळं त्यावर टांगलेलं आहे.

हे व्हिसा गुणांवर मिळतात. राज्याच्या नॉमिनेशनचे ४९१ ला १५ गुण मिळतात, १९० ला ५. म्हणजे आज ४९१ साठी जेमतेम बसणाऱ्याला १९० साठी १० गुण आणखी कुठून तरी आणावे लागतात. थांबून वय वाढतं, गुण नाही. हे नातेवाइकांना सांगा.

४९१ पाच वर्षांचा असतो. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर आणि तीन आर्थिक वर्षांच्या करनिर्धारणाच्या नोटिसा हातात आल्यावर १९१ चा, म्हणजे कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. या नोटिसा मुख्य अर्जदाराच्या लागतात, म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या. तिथलं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. त्यामुळे विवरणपत्र दरवर्षी वेळेवर भरा, उत्पन्न कमी असलं तरी. दुसरी गोष्ट एजंट मुद्दाम सांगत नाहीत: ४९१ घेतला की तीन वर्षं १९० चा दरवाजा बंद. 'आधी ४९१ वर जाऊ, मग १९० बघू' हा बेत चालत नाही.

राहायचं, काम करायचं आणि शिकायचं ते 'रीजनल' भागातच. व्हिसाच्या हिशेबात सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून जवळपास सगळा देश रीजनल आहे. पर्थ, कॅनबेरा, होबार्ट, जिलाँगसुद्धा. अख्खं साउथ ऑस्ट्रेलिया त्यात येतं. पण नॉमिनेशन घेताना या राज्यात राहण्याची कबुली दिलेली असते हे विसरू नका.

आता नोकरी. अ‍ॅडलेड चौदा लाखांच्या आसपासचं शहर. पहिली नोकरी मिळेल का, हा प्रश्न सगळे विचारतात. खरा प्रश्न दुसऱ्या नोकरीचा आहे. मेलबर्नमध्ये टेस्टरची नोकरी गेली तर त्याच दर्जाच्या दहा जागा उघड्या असतात. इथे दोन असतील, त्यातली एक सहा महिन्यांच्या कंत्राटाची आणि दुसरी अशा टीमलीडच्या हाताखाली, जो जुन्या बॉसबरोबर क्रिकेट खेळतो. वर्तुळ लहान आहे. रेफरन्सचा फोन औपचारिकता म्हणून होत नाही, खरोखर चौकशी होते. भांडून नोकरी सोडायची चैन या शहरात परवडत नाही.

इथली आयटीची कामं कुठे असतात? राज्य सरकारची खाती (त्यांच्या जागा 'आय वर्क फॉर एसए' या संकेतस्थळावर), विद्यापीठ, आरोग्यखातं, वीज-पाणी कंपन्या आणि संरक्षण. जाहिरातींत संरक्षणाचाच गाजावाजा जास्त: ऑस्बोर्नची जहाजबांधणी, मॉसन लेक्सचं टेक्नॉलॉजी पार्क, जुन्या रॉयल अ‍ॅडलेड हॉस्पिटलच्या जागेवरचं लॉट फोर्टीन हे तंत्रज्ञान-संकुल. पण सुरक्षा-परवानगी नागरिकांनाच मिळते. नागरिकत्वाला चार वर्षं कायदेशीर वास्तव्य, त्यातलं शेवटचं एक वर्ष कायम रहिवासी म्हणून. ४९१ ची तीन वर्षं, १९१ चा निकाल लागेपर्यंतचा वेळ, वर आणखी एक वर्ष. थोडक्यात, संरक्षणातल्या जागा पहिली पाच वर्षं तरी तुमच्यासाठी नाहीतच असं धरा. जाहिरातीत 'क्लिअरन्स' शब्द दिसला की पुढची उघडा.

दूरस्थ नोकरी मेलबर्नच्या कंपनीची असली तर? तुम्ही रीजनल भागात बसून काम करत असाल तर अडचण यायला नको, पण करारात कामाचं ठिकाण अ‍ॅडलेड असं लिहून घ्या.

रात्रपाळी:
नर्सिंगचं मी सांगते. या शहराला नर्सेस हव्या आहेत, त्यामुळे तुमच्या घरातली खात्रीची नोकरी बहुधा तुमची असेल, नवऱ्याची नाही. बेत तसा आखा.

रजिस्ट्रेशन पुण्यात असतानाच सुरू करा. क्रम असा: 'आफ्रा'च्या (आरोग्यसेवकांची नोंदणी करणारी संस्था) संकेतस्थळावर स्वतःची पात्रता-तपासणी, मग कागदपत्रं, मग एनक्लेक्स-आरएन ही संगणकावरची परीक्षा (भारतात केंद्रं आहेत), आणि शेवटी ऑस्की, म्हणजे प्रत्यक्ष कौशल्यांची परीक्षा. ऑस्की अ‍ॅडलेडलाच होते. देशभरातले परदेशी नर्सेस त्यासाठी तिकीट काढून इथे येतात, तुम्ही बसने जाल. इंग्रजीच्या परीक्षेची मुदत मध्येच संपणार नाही अशी तारीख निवडा. लोक अडकतात ते इथेच, अभ्यासात नाही. यूके, आयर्लंड किंवा सिंगापूरमध्ये १८०० तास काम झालेलं असेल तर २०२५ पासून परीक्षेशिवायचा रस्ता उघडलाय. थेट भारतातून येणाऱ्यांना तो नाही.

सरकारी रुग्णालयांचे विभाग वेगवेगळे आणि भरतीही वेगळी: मध्य (रॉयल अ‍ॅडलेड, क्वीन एलिझाबेथ), उत्तर (लायल मॅक्यूविन, मॉडबरी), दक्षिण (फ्लिंडर्स, नोआर्लंगा), शिवाय विमेन्स अँड चिल्ड्रन्स. चारही ठिकाणी स्वतंत्र अर्ज करा. एका ठिकाणी नकार आला म्हणजे सगळीकडे आला असं नाही.

पाळी सकाळी सातची असते. रविवारी पहाटे त्या वेळेला बस पोहोचवेलच याचा भरवसा नाही, म्हणून दुसरी गाडी खर्चात आधीच धरा.

आता पेशंट म्हणून. ४९१ वर मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, मिळतं. पण रुग्णवाहिका मेडिकेअरमध्ये येत नाही! एका तातडीच्या फेरीचं बिल हजार डॉलरच्या वर जातं. राज्याच्या रुग्णवाहिका सेवेचं कुटुंबासाठीचं वार्षिक सदस्यत्व पहिल्याच आठवड्यात घ्या. रुग्णवाहिका रुग्णालयाच्या दारात रांगेत उभ्या राहतात, त्याला इथे 'रँपिंग' म्हणतात आणि त्यावर निवडणुका लढवल्या जातात. दुर्मिळ उपचारांचीही मर्यादा आहे: लहान मुलांच्या ओपन हार्ट शस्त्रक्रियेसाठी इथून मेलबर्नला पाठवतात. घरात कुणाला असा आजार असेल तर आधी त्या विशेषज्ञाची चौकशी करा आणि मगच सामान बांधा.

ओलसर_भिंत:
घर. विकत घ्यायचा विषय आत्ता डोक्यातून काढा. १ एप्रिल २०२५ पासून तात्पुरत्या व्हिसावर आधी बांधलेलं घर घेता येत नाही, आणि ४९१ तात्पुरताच धरतात. नवं बांधायला परवानगी लागते, वर राज्याचा परदेशी खरेदीदारांसाठीचा ७ टक्के अधिभार. १९१ मिळेपर्यंत भाड्याने राहा.

भाडं आठवड्याचं सांगतात. ८०० डॉलरपर्यंत भाडं असेल तर अनामत चार आठवड्यांची, त्यावर असेल तर सहा. ती मालकाकडे राहत नाही, सरकारी खात्याकडे जमा होते. पावती आली का बघा. जाहिरातीपेक्षा जास्त भाड्याची बोली मागायला एजंटला मनाई आहे. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं. पाण्याचं बिल करारात तुमच्या माथी मारलेलं असू शकतं, वाचूनच सही करा.

घर दाखवायला १५ मिनिटांची वेळ देतात आणि त्यात वीस कुटुंबं येतात. नवख्यांचा अर्ज मागे पडतो तो भाड्याचा इतिहास नसल्यामुळे. त्याला उतारा: नोकरीचं पत्र, तीन-चार महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम दाखवणारं बँकेचं पत्रक, पुण्याच्या घरमालकाचं इंग्रजी पत्र त्याच्या ईमेलसह. हे सगळं एकाच पीडीएफमध्ये ठेवा आणि घर पाहून बाहेर पडताना फोनवरूनच अर्ज टाका. संध्याकाळपर्यंत थांबलात तर गेलं.

पाहताना काय बघायचं? जुन्या दगडी-विटांच्या घरांत 'सॉल्ट डॅम्प' हे अ‍ॅडलेडचं खास दुखणं. जमिनीतलं खारं पाणी भिंतीत चढतं, वाळताना क्षार फुगतात आणि गिलावा पापुद्र्यांसारखा सुटतो. जमिनीपासून एक मीटरपर्यंत नवा रंग आणि वर जुना दिसला तर समजून घ्या. भिंतींना तिरक्या भेगा मात्र इथे सर्रास असतात. चिकणमातीची जमीन उन्हाळ्यात आकसते, हिवाळ्यात फुगते. दार नीट लागतंय ना, एवढं पाहिलं तरी पुरे.

थंडावा कशाचा ते विचारा. अनेक घरांवर 'इव्हॅपोरेटिव्ह' असतो, म्हणजे आपला वैदर्भीय कूलर छपरावर चढवून पाइपांनी खोल्याखोल्यांत फिरवलेला. कोरड्या उन्हाळ्यात उत्तम आणि स्वस्त, पण खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्या लागतात. दमट दिवशी तो हात टेकतो आणि वणव्याच्या दिवशी धूर आत ओढतो. २४ जानेवारी २०१९ ला शहरात ४६.६ अंश नोंदलं गेलं होतं. निजायच्या एका खोलीत तरी रिव्हर्स सायकल (गार आणि गरम दोन्ही करणारा) एसी हवाच. हिवाळ्यातही तोच तारतो, कारण बाहेर ८ अंश असताना ही घरं आतून बाहेरच्याइतकीच गार पडतात.

विजेचा दर दुपारी कमी असतो, कारण छपराछपरावर सोलर आहे. वेळेनुसारची योजना असेल तर धुलाई, डिशवॉशर साधारण अकरा ते तीनमध्ये टायमरवर टाका. संध्याकाळी तेच महागात पडतं.

सिंहगडरोड:
अगदी हेच हवं होतं, धन्यवाद. कोणत्या भागात राहायचं? आणि मुलांच्या शाळेचं?

खमंग:
शहर चिंचोळं आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर, त्यामुळे ते उत्तर-दक्षिण लांबत गेलंय. '२० मिनिटांत कुठेही' हे पूर्व-पश्चिम जाताना खरं. उत्तर-दक्षिण साउथ रोडने जायचं तर बोगद्यांचं काम चालू आहे, ते २०३१ पर्यंत संपवायचा बेत आहे. नोकरी उत्तरेला आणि घर दक्षिणेला असं करू नका, बास.

ईशान्येला मॉडबरीच्या बाजूला राहिलात तर ओ-बान आहे. साधी बस सिमेंटच्या रुळांतून जाते, १२ किलोमीटर, मध्ये फक्त पॅराडाइज आणि क्लेमझिग हे थांबे, सिग्नल एकही नाही. गाडी थांब्यापाशी लावून पुढे बस पकडायची. या शहरातली मेट्रो म्हणायची तर हीच. ब्लेअर अ‍ॅथोल, एनफिल्ड, किलबर्न या बाजूला भारतीय किराणा चांगला मिळतो. गणपतीच्या दिवसांत उकडीच्या मोदकांचं पीठही मिळेल, पण आदल्या दिवशी गेलात तर रिकामी फळी बघून याल.

उणं सांगते. शनिवार-रविवार पाच वाजता सुपरमार्केट बंद, त्याला कायदाच आहे. सेंट्रल मार्केट रविवार-सोमवार बंद. भारतात थेट विमान नाही; सिंगापूर, क्वालालंपूर, दोहा किंवा दुबईमार्गे. विमानतळ शहरापासून सहा-सात किलोमीटरवर आहे याचा आनंद मोठा, पण रात्री ११ ते सकाळी ६ विमानांना बंदी. मेलबर्नहून शेवटचं विमान रखडलं की मुक्काम तिथेच, म्हणून परदेशातून येताना शेवटची जोडफेरी घेऊ नका. मोठ्या मराठी नाटकांचे दौरे, गायकांच्या मैफली बऱ्याचदा सिडनी-मेलबर्न करून परततात. फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्रिंज हा कलामहोत्सव असतो तेव्हा शहराला अंगात आल्यासारखं होतं, मग पुन्हा सामसूम. ज्यांना रात्री दहाला लक्ष्मी रोडसारखी गर्दी लागते त्यांनी विचार करूनच यावं. आईवडिलांशी बोलायला मात्र वेळ सोयीची: फरक चार तास, ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच.

टोरेन्सकाठ:
खमंग, एक दुरुस्ती. उन्हाळी वेळेत फरक पाच तासांचा, साडेपाचचा मेलबर्नचा. अ‍ॅडलेड मेलबर्नच्या अर्धा तास मागे असतं. कंपनीचं कार्यालय तिकडे असेल तर कॅलेंडरमधल्या बैठका तपासून घ्या, पहिल्या महिन्यात सगळेच अर्धा तास चुकतात.

शाळा: मुलगा जूनमध्ये पाचचा होतोय. १ मे च्या आधी पाच पूर्ण होणारी मुलं जानेवारीअखेर 'रिसेप्शन'मध्ये, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, जातात. १ मे ते ३१ ऑक्टोबरमधली वर्षाच्या मध्यात, तिसऱ्या सत्रात. त्यामुळे त्याचा नंबर जुलैत. जानेवारीत आलात तर सहा महिने बालवाडीचं बघावं लागेल. मुलीचं जास्त घाईचं आहे. २०२२ पासून इथे सातवी हायस्कूलमध्ये गेलीय आणि बारा-तेरा पूर्ण होणाऱ्या वर्षी सातवी असते. चांगल्या सरकारी हायस्कूलना, म्हणजे ग्लेनंगा, अ‍ॅडलेड, अ‍ॅडलेड बोटॅनिक, पत्त्यावरून प्रवेश मिळतो आणि त्या भागांत भाडं चढं आहे. शाळेच्या प्रवेशक्षेत्राची (झोनची) सीमारेषा गल्लीच्या मधून जाते. करारावर सही करायच्या आधी शिक्षणखात्याच्या 'फाइंड अ स्कूल' पानावर घरक्रमांकासकट पत्ता टाकून पाहा, एजंटच्या तोंडी 'इन झोन'वर जाऊ नका. आणि आधी सहा महिन्यांचाच करार मागा. नोकरी कुठल्या टोकाला मिळते ते तोवर कळेल.

सिंहगडरोड:
एनक्लेक्सचं आजच बघते. आजीने दिलेलं घरचं तूप नेता येईल का, तेवढं सांगा.

रात्रपाळी:
नाही. भारतात लाळ्या-खुरकुताची साथ असल्यामुळे दुधाचे पदार्थ अडवतात. गोडा मसाला, पापड आणा, पण विमानातल्या कार्डावर 'अन्न आहे' याला हो लिहा. लिहून दाखवलं तर फार तर काढून घेतात, न लिहिता सापडलं तर दंड होतो.