बॅटरीपाशी फ्यूज हवाच
एकांनी विचारलंय की इन्व्हर्टरमध्ये फ्यूज असतोच, मग कॅम्परव्हॅनमध्ये (राहायची सोय असलेल्या गाडीत) बॅटरीपाशी वेगळा कशाला? इथेच गफलत होते. इन्व्हर्टरमधला फ्यूज इन्व्हर्टरपुरता. बॅटरीपासून तिथवर जाणारी केबल मध्येच पत्र्याला घासून सोलली गेली, तर तो ढिम्म राहणार, कारण शॉर्टचा करंट त्याच्यातून जातच नाही. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरातच हवा. बॅटरी लिथियम असेल तर शॉर्टचा प्रचंड करंट तोडू शकणारा क्लास टी फ्यूज घ्या, तिथे काटकसर नको.

'बॅटरी १२ व्होल्टचीच तर आहे' हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. शॉक बसत नाही, कबूल. पण १००० वॅटच्या उपकरणाला २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आत भागतं, तेच १२ व्होल्टवर ८३ अँपिअर. इन्व्हर्टरमध्ये वाया जाते ती वीज वेगळीच. एवढ्या करंटला आग लावायला एक ढिला लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) पुरतो. मोठा लोड पंधरा-वीस मिनिटं चालवा, बंद करा आणि लगेच प्रत्येक लगच्या बाजूला इन्सुलेशनवरून हात फिरवून बघा. उरलेल्या केबलपेक्षा तिथेच जास्त चटका बसला, तर नट ढिला आहे किंवा क्रिम्प (लग केबलवर दाबून केलेला जोड) कच्चा.

एकतारी वायर गाडीच्या हादऱ्यांनी आतून तुटते, मल्टीस्ट्रँडच (अनेक बारीक तारांची) वापरा. पत्र्याच्या भोकात केबल घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट (कडं) बसवा. आणि हो, बाहेरून २३० व्होल्टचं कनेक्शन घेणार असाल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघत जा.