पावसाच्या पाण्याच्या टाकीवरची मोटर दोन मिनिटांत हवा पकडते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, रस्त्यापासून बरंच आत, डोंगराच्या अंगाला आहे. मी ठाण्याला असते, गावी आई एकटी, वय ६९. पाऊस धो धो पडतो आणि जांभ्यातून तितक्याच वेगाने निघून जातो, हे कोकणातल्यांना सांगायला नको. परसातली बाव माघ सरता सरता तळ दाखवते. म्हणून पाच वर्षांपूर्वी कौलांच्या पागोळीचं पाणी पन्हळीतून घेऊन मागीलदारी जमिनीखाली टाकी बांधली. आतून १० बाय ११ फूट, पाणी ८ फूट उभं राहतं, म्हणजे साधारण २५ हजार लिटर. पिण्याला बावीचं पाणी आणि बाकी सगळ्याला टाकीचं, अशी आईची रीत आहे.

पडवीत कट्ट्यावर १ एचपीची सेल्फ-प्रायमिंग मोटर आहे. ती टाकीतलं पाणी न्हाणीघरावरच्या १००० लिटरच्या टाकीत चढवते. पूर्वी वरची टाकी पंचवीस मिनिटांत भरायची. आता बटण दाबलं की दोन मिनिटं पाणी जोरात येतं, मग धार बारीक होते, फुर्र फुर्र करत हवा यायला लागते आणि शेवटी मोटर नुसतीच फिरते. आवाज बदलतो, हात लावला तर अंग चांगलंच गरम लागतं. वरच्या प्लगमधून तांब्याने पाणी ओतलं की पुन्हा दोन मिनिटं चालते.

तालुक्याच्या गावातून एक मिस्त्री आणला होता. त्याने कपॅसिटर बदलला, काही फरक पडला नाही. मग म्हणाला, मोटर गेली, नवीनच घ्या. खर्चाला मी मागे हटणार नाही, पण नवीन मोटर बसवूनही हेच झालं तर? नऊ दिवसांनी शिमग्याची पालखी घरी येणार आहे. माणसं येतील, जेवणं होतील. आई दोन्ही हातांत बादल्या घेऊन टाकीतून पाणी काढते आहे, हे फोनवर ऐकलं की जीव थाऱ्यावर राहत नाही. शनिवारी गावी जाणार आहे. काय काय तपासू?

जांभा_कट्टा
ताई, मिस्त्रीने कपॅसिटर का बदलला ते कळलं नाही. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरायला लागत नाही तेव्हा कपॅसिटर बघतात. तुमची तर लगेच सुरू होते आहे. नवीन मोटर घ्यायची घाई अजिबात करू नका. आधी तीन गोष्टी सांगा. टाकीत आत्ता पाणी किती आहे? दिवाळीच्या सुमारास मोटर कशी चालत होती? आणि व्होल्टेज किती येतं?

धागाकर्ती
आईने बांबू टाकून बघितलं, ३ फूट पाणी आहे. दिवाळीत काहीच त्रास नव्हता, तेव्हा टाकी जवळजवळ काठोकाठ होती. व्होल्टेज शेजारच्या वायरमन दादांनी मोजलं, मोटर चालू असताना २१५ आहे.

जांभा_कट्टा
व्होल्टेज ठीक आहे, तो विषय सोडा. टाकी भरलेली असताना चालत होती आणि पाणी खाली गेल्यावर बंद पडली, यातच बरंचसं उत्तर आहे.

मोटर पाणी वर ओढते असं आपण म्हणतो. खरं तर ती पाइपातली हवा कमी करते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाणी जास्तीत जास्त साधारण १०.३ मीटर उचलू शकतो. घरगुती पंपाने प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या आत राहावं. तुमची उंची त्याच्या जवळपासही नाही. टाकी भरलेली असताना पाणी मोटरच्या खाली अडीच फूट असेल, आता साडेसात फूट झालं. म्हणजे मोटर म्हातारी झालेली नाही, पण पाइपातली ओढ तिप्पट झाली आहे. सक्शनच्या, म्हणजे टाकीतून मोटरकडे येणाऱ्या पाइपाला कुठे केसाएवढी फट असेल, तर अडीच फुटांवर ती जाणवत नाही. साडेसात फुटांवर तिथून हवा आत शिरते आणि धार तुटते.

लोक इथेच फसतात. डिलिव्हरीचा, म्हणजे मोटरकडून वर जाणारा पाइप फुटला तर पाणी बाहेर उडतं, दिसतं. सक्शनचा पाइप फुटला तर चालू मोटरला एक थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून पाइप कोरडा ठणठणीत दिसतो आणि दोष मोटरच्या माथी जातो.

शनिवारी हे करा. मोटर बंद ठेवून प्लग उघडा, काठोकाठ पाणी भरा आणि पंधरा मिनिटं थांबा. पातळी खाली गेली तर फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या खालच्या टोकाची, पाणी मागे न सोडणारी झडप; आमच्याकडे सगळे फुटवॉल म्हणतात) पाणी धरत नाही किंवा पाइप गळतो आहे. पातळी जागेवर राहिली तर प्लग बसवून मोटर लावा आणि सक्शनच्या एकेका जोडावर साबणाचा दाट फेस लावत जा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे फट. फेसाने कळलं नाही तर प्रत्येक जोडावर ओलं फडकं घट्ट गुंडाळून बघा. नेमक्या जागी गुंडाळलं की मोटरचा आवाज भरीव होतो, कानाला लगेच कळतं. ओल्या हाताने वायरीच्या डब्याजवळ जाऊ नका. आणि कोरडी मोटर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त फिरवू नका, आतलं पाणी तापून मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्यापाशी पाणी अडवणारा भाग) जातो.

सड्यावरची_बाग
एक कळकळीची विनंती. फुटवॉल काढायला कोणालाही टाकीत उतरवू नका. बंद टाकीत हवा खराब असू शकते, उतरलेला माणूस हाक मारायच्या आधी बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. पाइप युनियनला (न कापता सोडवता येणारा जोड) सोडवून वर ओढून घ्या. एक इंची पाइप दोन माणसं सहज ओढतात.

घाटावरचा
मी तर म्हणेन पाण्यात बसणारी ओपनवेल मोटर टाका. सक्शनच नाही, तर हवा पकडायचा प्रश्नच नाही.

जांभा_कट्टा
मुद्दा बरोबर आहे, पण घरात वयस्कर बाई एकट्या आहेत. ती मोटर अडकली तर वर काढायला दोन माणसं बोलवावी लागतील, आणि तळाला कौलांवरचा गाळ असतोच. पडवीतली मोटर निदान हाताशी आहे. आधी आहे तीच नीट करू.

धागाकर्ती (शनिवार रात्री)
सापडलं! सांगितलं तसंच केलं. प्लगमधून पाणी भरलं, पंधरा मिनिटांत पातळी बोटभर खाली गेली, म्हणजे थोडी गळती आहे पण फार नाही. मग फेस. टाकीपासून सुरुवात केली, वीस फूट पाइपावर कुठेच काही नाही. मी जवळजवळ हताश झाले होते. शेवटचा जोड मोटरच्या तोंडाशी, तिथे पाइप मोटरला जोडणारा प्लॅस्टिकचा आटेवाला तुकडा, म्हणजे एमटीए, बसवला आहे. त्याच्या खालच्या बाजूला फेस लावला आणि तो डोळ्यांदेखत आत गेला. ओलं फडकं गुंडाळल्यावर आवाजही बदलला, वरच्या टाकीत धार सलग पडायला लागली. आई पडवीत येऊन नुसती उभी राहिली होती.

एमटीए सोडवून बघितला, आट्यांजवळ अर्ध्या वेढ्याची तड आहे. वरून दिसतच नव्हती.

जांभा_कट्टा
फार बरं वाटलं. ही अगदी नेहमीची जागा आहे. बिडाच्या तोंडात प्लॅस्टिकचे आटे पान्याने ताकद लावून पिळले की तिथे ताण राहतो. त्यात मोटरची थरथर आणि पाइपाचं वजन रोज त्याच जोडावर. आता पितळी आट्यांचा एमटीए आणा, दहा-बारा वेढे टेफ्लॉन टेप, हाताने घट्ट करून वर पान्याचा एक फेराच. त्याच्या पुढे युनियन टाका म्हणजे पुन्हा कधी सोडवायला पाइप कापावा लागणार नाही. आणि मोटरपासून हातभर अंतरावर भिंतीला क्लॅम्प मारून पाइपाचं वजन त्यावर घ्या. सोल्युशनने चिकटवलेले जोड लगेच चालवू नका, रात्रभर राहू द्या.

बोटभर पाणी खाली गेलं ते विसरू नका. आता तड गेली तरी सकाळी मोटर कोरडी मिळाली, तर फुटवॉल काढा.

सड्यावरची_बाग
पाइप टाकीपासून मोटरपर्यंत सतत चढता आहे ना तेही बघा. मध्ये कुठे उंबऱ्यावरून कमान करून नेला असेल तर तिथे हवा साठून राहते.

धागाकर्ती (सोमवार)
कमान नाही, पाइप सरळ चढतो. पितळी एमटीए, युनियन, क्लॅम्प, सगळं रविवारी झालं. आज सकाळी मोटर खरोखरच कोरडी मिळाली, म्हणून शेजारच्या दादांना घेऊन पाइप वर ओढला. फुटवॉलच्या झडपेखाली शेवाळाचा गोळा आणि बारीक वाळू अडकली होती, झडप पूर्ण मिटतच नव्हती. जाळीही अर्धी बुजलेली. रबराची वादी कडक झाली होती, म्हणून नवीनच पितळी फुटवॉल घेतला. पूर्वी तो तळाला टेकत होता, आता वीतभर वर राहील एवढा पाइप कापला. दुपारी भरलं, संध्याकाळी चार तासांनी प्लग उघडला तर पाणी काठाला तसंच. वरची टाकी सव्वीस मिनिटांत भरली. कपॅसिटरचे पैसे सोडले तर सगळं मिळून हजारातच झालं.

आई आता पालखीसाठी पडवी सारवायला काढते आहे. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

शेवटचा एक प्रश्न. टाकीत ९ हजार लिटरच्या आसपास पाणी उरलं आहे आणि पाऊस येईपर्यंत ते पुरवायचं आहे. मे महिन्यात पातळी फुटवॉलच्या खाली गेली आणि आईच्या लक्षात आलं नाही तर मोटर कोरडी फिरत राहील. त्याला काय करू?

जांभा_कट्टा
खालच्या टाकीत एक फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच) सोडा, तळापासून दीड फुटावर मोटर बंद होईल असा. वायरमन दादांना सांगा, स्टार्टरच्या वायरीत जोडायचा, अर्ध्या तासाचं काम आहे. मोटरच्या सर्किटला आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर त्याच वेळी बसवून घ्या. खाली उरलेलं दीड फूट पाणी बादलीनेच काढावं लागेल, तेव्हा वरची टाकी आठवड्यातून किती वेळा भरली ते आईंना कॅलेंडरवर खुणा करून ठेवायला सांगा. एक खूण म्हणजे हजार लिटर.