डेटाफ्रेममध्ये लूप चालवूनही मजुरीचा रकाना रिकामाच राहतो

प्रश्न
नमस्कार. सोलापुरातील एका चादर कारखान्याचे हिशेब मी पाहतो. कामगार, तारीख, नग आणि दर असे रकाने असलेली सुमारे ४० हजार ओळींची फाइल मी पांडाज या पायथॉनच्या लायब्ररीत डेटाफ्रेम (ओळी-रकान्यांचा तक्ता) म्हणून उघडली असून, एकेक ओळ हाती देणाऱ्या आयटररोजच्या लूपमध्ये प्रत्येक ओळीसाठी नग गुणिले दर अशी मजुरी भरतो. लूप कोणतीही चूक न दाखवता पूर्ण होतो, परंतु रकाना रिकामाच राहतो. दिवसाला ८ नगांपुढे प्रत्येक नगाला जादा दर आहे. शिवाय मजुरीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत उचल वळती करून उरलेली बाकी पुढच्या ओळीत न्यायची आहे. हे कसे करावे?

उत्तर १
आयटररोज आपल्या हाती देतो ती ओळीची प्रत असते. तिच्यात भरलेली मजुरी मूळ डेटाफ्रेमपर्यंत पोहोचत नाही. शिवाय प्रत्येक ओळीसाठी नवी सिरीज (पांडाजमधील मूल्यांची मालिका) तयार होत असल्याने वेळही फार जातो. येथे लूपची गरजच नाही. नगांचा संपूर्ण रकाना दराच्या रकान्याने गुणावा. नगांमधून ८ वजा करून, क्लिपने शून्याखालील उत्तरे शून्यावर आणून, त्यांना जादा दराने गुणावे आणि ती रक्कम मजुरीत मिळवावी.

उत्तर २
उचलीचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तेथे चूक झाली तर कामगाराच्या हातात कमी पैसे पडतात. उचल सुरुवातीला एकदाच दिली असेल, तर ग्रुपबाय आणि कमसम यांनी प्रत्येक कामगाराच्या चौथ्या हिश्श्यांची चढती बेरीज काढावी आणि ती मूळ उचलीतून वजा करावी. उत्तर शून्याखाली गेले तर बाकी शून्य धरावी. मध्येच नवी उचल दिली जात असेल, तर प्रत्येक ओळीची बाकी आधीच्या ओळीवर अवलंबून राहते, आणि अशा वेळी लूप लिहिणे मला योग्यच वाटते. मात्र तो आयटररोजऐवजी त्याहून वेगवान अशा आयटरटपल्सने चालवावा, बाकी यादीत साठवावी आणि शेवटी ती यादी एकदाच रकान्यात भरावी.

प्रश्नकर्ता
मजुरी बरोबर आली, आभारी आहे. आमच्याकडे मध्येच उचल दिली जाते, म्हणून लूप ठेवला. परंतु काही कामगारांची बाकी वहीशी जुळत नाही. फाइलमधील नोंदी मागांच्या क्रमाने आहेत.

उत्तर २
कारण तेच आहे. आधी कामगार आणि तारीख यांनुसार क्रम लावावा, कामगार बदलताच त्याची स्वतःची आरंभीची बाकी घ्यावी आणि यादी त्याच क्रम लावलेल्या डेटाफ्रेममध्ये भरावी. सिरीज इंडेक्स (प्रत्येक ओळीची खूण) पाहून आपापल्या ओळीत बसते. साधी यादी मात्र ज्या क्रमाने येईल त्याच क्रमाने भरली जाते, त्यामुळे ती मूळ फाइलमध्ये भरल्यास एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर पडेल.