मदत हवी आहे: औषध देऊनही बाळाचा ताप उतरत नाही

सातरस्ता_आई: परवापासून ताप आहे. पॅरासिटामॉल देतेय, जरा उतरल्यासारखा वाटतो की परत चढतो. आत्ता १०२.४. रविवार, आमचे डॉक्टर फोन उचलत नाहीत. डोस वाढवू का? लवकर सांगा.

जुळे_सोलापूर: वय किती? वजन? तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर १००.४ लाच दवाखाना गाठायचा, थांबायचं नाही.

सातरस्ता_आई: अकरा महिन्यांची आहे. वजनाचं काय मध्येच? औषध डॉक्टरांनीच मागे लिहून दिलेलं आहे.

अक्कलकोट_नाका: लस दिली असेल. पेंटाच्या लसीनंतर माझ्या मुलालाही आला होता, दोन दिवसांत गेला.

सातरस्ता_आई: लस नाही दिलेली.

आजी_बाळे: तळपायाला कांद्याचा रस चोळा आणि गोधडीत गुंडाळा. घाम आला की ताप गेलाच. आमची चार अशीच वाढली.

विजापूर_रोड: आजी, बाहेर ४२ डिग्री आणि गोधडी? एक सुती झबलं पुरे. कूलर चालू ठेवा, फक्त झोत अंगावर नको. कोमट पाण्याने पुसा, बर्फाचं नको, कुडकुडून ताप वाढतो.

आजी_बाळे: कूलरच्या हवेनंच पोरं आजारी पडतात. आणि पाणी उकळून पाजा, आमच्याकडे चार-चार दिवसांनी नळ येतो.

विजापूर_रोड: तुमच्याकडे निदान चार दिवसांनी तरी येतो!

जुळे_सोलापूर: पाण्याचं नंतर. ताई, वजन किती, बाटलीवर काय लिहिलंय आणि कशाने मोजून देताय?

सातरस्ता_आई: ८ किलो. १२० मिलिग्रॅम, ५ मिली. मागची बाटली संपली म्हणून मेडिकलमधून ही आणली. ड्रॉपरने १.२ मिली, डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढंच.

जुळे_सोलापूर: इथंच घोळ झालाय. मागची बाटली ड्रॉप्सची होती ना? त्यात १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, म्हणून १.२ मिलीत १२० जायचं. किलोला १५ म्हणजे ८ किलोला बरोबर तेवढंच. आताच्या सिरपच्या १.२ मिलीत जेमतेम २९ जातंय. या सिरपचे ५ मिली होतात. बाटलीबरोबरच्या मापानेच मोजा. दोन डोसांत निदान चार ते सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. उलट चूक तर फार वाईट, ड्रॉप्स ५ मिली गेले तर लिव्हरवर येतं.

सातरस्ता_आई: अरे देवा. बाटलीचा रंग सारखाच होता, वाचलंच नाही मी.

होटगी_रोड: मेफेनामिक द्या, पटकन उतरतो.

जुळे_सोलापूर: कृपा करून असं सुचवू नका. डेंग्यू आहे की काय कळलेलं नसताना तसली औषधं नकोत. ताई, सर्दी, खोकला, जुलाब? शू किती वेळा?

सातरस्ता_आई: यातलं काहीच नाही. शू कमी वाटते, करताना रडते.

जुळे_सोलापूर: मग आजच दाखवा. सर्दी-खोकला नसताना ताप आला की लघवी तपासावी लागते, मुलींमध्ये तर नक्कीच. कोणी भेटलं नाही तर सिव्हिलला जा. बाटली सोबत न्या. वाटेत झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांच्या वर गेला तर १०८.

सातरस्ता_आई: निघतोय. रिक्षा आली.

सातरस्ता_आई: रात्री ११. लघवीत इन्फेक्शन निघालं. अँटिबायोटिक सुरू केलंय, कल्चरचा रिपोर्ट परवा. ताप १०० वर आलाय, दूध प्यायली. ड्रॉपर फेकून दिला.