बीपी-शुगरसाठी रोज भाजी-फळं नेमकी किती?

महालची_सून
घरात चौघं आहोत. सासऱ्यांना बीपीची गोळी सुरू आहे, सासूबाईंची शुगर काठावर आली आहे. दोन्ही वेळ प्रत्येकी वाटीभर भाजी होते, पण आठवड्यातून तीन-चारदा आलूच असतो. सकाळी संत्र्याचा ग्लासभर रस. एवढं पुरतं का? आणि पालेभाजी वाढवली की सासऱ्यांचं पोट फुगतं, त्याचं काय करावं?

आहार_वर्धा_रोड
नाही पुरत, ताई. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. भाज्यांपैकी १०० ग्रॅम हिरवी पालेभाजी हवी. जागतिक आरोग्य संघटना भाज्या-फळं मिळून किमान ४०० ग्रॅम म्हणते, आणि त्यात आलू धरतच नाही. म्हणजे आलूच्या दिवशी तुमचा हिशेब जवळजवळ शून्यावर येतो. दुसरी भाजी त्या दिवशीही लागेलच.

चौघांसाठी रोज साधारण १ किलो ६०० ग्रॅम भाजी झाली, निवडून-सोलून. एकदा काट्यावर मोजूनच बघा. निवडलेली १०० ग्रॅम मेथी शिजून जेमतेम अर्धी वाटी भरते, म्हणून डोळ्यांचा अंदाज फसतो. सगळी भाजी कढईतलीच नको. काकडी, मुळा, गाजर, टमाटर यांची कोशिंबीर माणशी शंभरेक ग्रॅम सहज जाते, फक्त वरून मीठ नको. बीपीवाल्याच्या ताटात मीठ दिवसभराचं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं, आणि लोणचं-पापड त्याच हिशेबात येतात.

पोट फुगतं ते चोथा एकदम वाढल्यामुळे. आठवडाभर रोज अर्धीच वाटी वाढवा, पाणीही वाढवा. कच्च्यापेक्षा शिजवलेली दुधी, दोडका, पालक आधी द्या. पत्ताकोबी आणि फुलकोबी नंतर.

संत्रानगरी
रस बंद करा, संत्रं सुरू ठेवा. ग्लासभर रसाला तीन-चार संत्री लागतात, म्हणजे तेवढ्यांची साखर मिनिटभरात पोटात जाते आणि चोथा गाळणीत राहतो. काठावरच्या शुगरला हेच नको. शिवाय आपल्या नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळात कडवट होतो, मग लोक त्यात साखर घालतात. एक मध्यम संत्रं फोडीच्या पापुद्र्यासकट खाल्लं की फळाचा दिवसाचा वाटा झाला. संत्र्याचे बहार दोन: अंबिया बहाराचा माल हिवाळ्यात, मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चात. मधल्या महिन्यांत पेरू घ्या, त्यात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं.

पालेभाजीचं एक सांगतो. आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात टाकली की क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातलं जीवनसत्त्व) त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. पातळभाजी करताना डाळ शिजल्यावरच पालक आणि चुका घाला, झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं पुरतात. रंग हिरवागार राहावा म्हणून सोडा अजिबात नको. चमचाभर तेलाची फोडणी मात्र हवीच, स्निग्धांशाशिवाय पालेभाजीतलं कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून अ जीवनसत्त्व बनतं ते, अंगी लागत नाही. उन्हाळ्यात दुपारपर्यंत भाजी सुकते. सकाळीच आणा, न धुता सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. जेवणावर लगेच चहा नको, लोह शोषलं जात नाही.

गोळी_तपासक
भाज्या-फळं वाढवण्याआधी सासऱ्यांचा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमचा रिपोर्ट बघा. भाज्या-फळांतलं पोटॅशियम बीपी उतरवायला मदत करतं, पण किडनी कमजोर असेल तर तेच रक्तात साठतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर येतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या बीपीच्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. कमी सोडियमचं मीठ म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइडच असतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी) सुरू असेल तर पालेभाजी एक दिवस खूप आणि चार दिवस काहीच नाही असं चालत नाही. रोज सारखीच ठेवा, नाहीतर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, हलतो. ऑक्सलेटचा मुतखडा होऊन गेला असेल तर पालक-चुक्याऐवजी मेथी घ्या. आणि बीपी उतरलेला दिसला तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आठवडाभर घरी मोजलेले आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.