उन्हाळ्यात पाळणाघरात जाणाऱ्या दीड वर्षाच्या मुलीला कोणते कपडे घालावेत?

इंदिरानगरची आई

माझी मुलगी दीड वर्षाची असून या एप्रिलपासून पाळणाघरात जाऊ लागली आहे. सकाळी आम्ही दुचाकीवरून निघतो तेव्हा हवेत चांगलाच गारवा असतो, म्हणून सासूबाई तिला आतून बंडी, वर अस्तराचा फ्रॉक, पायांत मोजे आणि डोक्याला टोपडे असा सगळा जामानिमा करून देतात. दुपारी मात्र पारा चाळिशीला टेकतो आणि पाळणाघराची खोली थेट गच्चीखाली असल्यामुळे तिथे पंख्याचा वाराही गरमच लागतो. संध्याकाळी तिला घ्यायला जाते तेव्हा मानेमागे आणि कमरेच्या इलॅस्टिकखाली लाल पुरळ उठलेले दिसते. तिथल्या ताई प्रेमळ आहेत, परंतु त्यांच्याकडे मुले बरीच असल्यामुळे दिवसातून चार वेळा कपडे बदला असे सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. सकाळचा गारवा, दुपारचा उकाडा आणि परतीचे ऊन या तिन्हींचा मेळ कसा घालावा? बंडी घालावी की नाही, बिनबाह्यांचे कपडे बरे की अर्ध्या बाह्यांचे, आणि पुरळावर पावडर लावावी का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

गंगापूर रोड

ताई, नाशिकच्या उन्हाळ्यात पहाट आणि दुपार यांच्या तापमानात 15 अंशांहून अधिक फरक पडतो, त्यामुळे सकाळच्या हवेकडे पाहून घातलेले कपडे दुपारी जाचणारच. गारवा फक्त दुचाकीवरच्या वाऱ्यापुरता असतो. त्यासाठी समोरून उघडणारे एखादे पातळ सुती जाकीट किंवा मोठे मलमलचे दुपटे पुरेसे आहे. ते पाळणाघराच्या दारातच काढून तुम्ही आपल्या पिशवीत टाकावे, म्हणजे ताईंना ते सांभाळावे लागणार नाही. आत एकच सैल सुती झबले आणि चड्डी असावी.

परतीच्या प्रवासात मात्र मी उलट करते. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे सीट इतके तापते की लहान मुलाच्या उघड्या मांडीला चटका बसू शकतो, म्हणून निघताना पातळ सुती पायजमा चढवते आणि सीटवर ओल्या फडक्याचा हात फिरवून मगच मुलाला बसवते. 9 महिने ते 4 वर्षे वयाच्या मुलांना दुचाकीवर हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा लावण्याचा केंद्र सरकारचा नियम 2022 साली अधिसूचित झाला आहे. हेल्मेटखाली टोपडे घातल्यास डोके घामाने निथळते, तेव्हा टोपडे मागे ठेवून रुंद काठाची सुती टोपी अंगणात खेळण्यासाठी वेगळी द्यावी.

पाळणाघर चालवणारी, सिडको

मी स्वतः पाळणाघर चालवते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने थोडे सविस्तर लिहिते. घामोळे येते ते घाम त्वचेखालीच अडकल्यामुळे. घामाच्या नळ्यांची तोंडे बंद झाली की जिथे कापड घट्ट बसते किंवा त्वचेला त्वचा चिकटते, अशा मानेच्या वळ्या, काख, कंबर आणि जांघ या जागी पुरळ उठते. म्हणूनच बिनबाह्यांच्या कपड्यापेक्षा सैल अर्ध्या बाह्यांचे झबले मला अधिक सोयीचे वाटते. काखेतला घाम ते टिपून घेते आणि अंगणात खेळताना खांद्यावर ऊन लागत नाही. पातळ बंडी एकटीच घातली तर उत्तम, पण वरून फ्रॉक घालायचा असेल तर बंडी आणि अस्तर दोन्हींना रजा द्यावी.

पालकांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट म्हणजे टी-शर्टवरचे रबरी चित्र. कापड शंभर टक्के सुती असले, तरी छातीभर छापलेल्या त्या जाड चित्रातून वारा आत जात नाही आणि दुपारी झोपेतून उठलेल्या मुलाच्या छातीवर नेमका तेवढाच भाग घामेजलेला मी अनेकदा पाहिला आहे. तसेच मुले झोपतात त्या गाद्यांना धुण्यापुसण्याच्या सोयीसाठी बहुतेक ठिकाणी रेक्झिनचे आवरण असते. मुलीला कितीही चांगले कपडे घातले, तरी पाठ रेक्झिनवर टेकल्यावर घाम जिरणार कुठे? तेव्हा अंथरायला घरचे जुने, मऊ झालेले सुती लुगडे चौपदरी घडी करून पाठवावे.

डायपरबद्दल स्पष्टच बोलते. या दिवसांत दुपारच्या झोपेनंतर तासभर तरी डायपर न लावता मूल सुती चड्डीत राहिले, तर जांघा कोरड्या राहतात. ओल्या झालेल्या दोन-चार चड्ड्या धुवायला नेण्याची तुमची तयारी आहे, एवढे ताईंना सांगून ठेवा. आम्हालाही ते सोपे जाते. कपडे पटकन बदलता यावेत यासाठी पाठीमागे बारीक बटणांची रांग, डंगरीचे बक्कल, गळ्याभोवती बांधायच्या नाड्या यांपैकी काहीही नसावे. नाडी घसरगुंडीत अडकू शकते आणि सैल बटण थेट तोंडात जाते, म्हणून हा केवळ सोयीचा प्रश्न नाही.

पावडर लावू नये, असे माझे ठाम मत आहे. तिचा बारीक कण श्वासातून आत जातो आणि घामात भिजून वळ्यांमध्ये तिचा थर बसतो. साध्या पाण्याने पुसून, अंग पूर्ण कोरडे करून मग कपडे घालणे पुरेसे आहे.

सुईदोरा, पंचवटी

मी शिवणकाम करतो. आमच्या जिल्ह्यात मालेगावात इतके माग चालतात, तरीही लहान मुलांच्या तयार कपड्यांत सुताच्या नावाखाली पॉलिस्टरची भेसळ सर्रास आढळते. मेन रोडवर खरेदीला गेलात तर केवळ चिठ्ठीवर विसंबू नका. घरी आल्यावर आतल्या शिवणीजवळचा एक धागा काढून काडीने जाळून पाहा: सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख बोटांनी चुरता येते, तर पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

रुबिया किंवा मलमल आणून शिवून घ्यायचे असेल, तर कापड आधी भिजवून त्यातली खळ घालवावी, नाहीतर ते आटते आणि टोचतेही. कमरेच्या इलॅस्टिकचा जाच असेल तर ते उसवून किंचित लांब घालून घ्यावे आणि त्याला सुती पट्टीत बंद करावे. संध्याकाळी चड्डी काढल्यावर कमरेवर वळ उरत असेल, तर ती घट्टच आहे असे समजावे.

इंदिरानगरची आई

सर्वांचे मनापासून आभार. रेक्झिनच्या गादीकडे माझे कधीच लक्ष गेले नव्हते. उद्याच लुगडे पाठवते. सासूबाईंना मात्र अजूनही वाटते की बंडी आणि मोजे काढले तर मुलीला सर्दी होईल, कारण तिचे हातपाय त्यांना नेहमी गार लागतात. त्यांना काय सांगावे?

पाळणाघर चालवणारी, सिडको

लहान मुलांचे हातपाय इतर अंगापेक्षा गार लागणे स्वाभाविक आहे, त्यावरून अंदाज करू नये. सासूबाईंना मुलीच्या मानेमागे, पाठीच्या वरच्या भागावर हात ठेवून पाहायला सांगा. तिथे ओलसर आणि गरम लागले तर कपडे जास्त झाले आहेत, कोमट आणि कोरडे लागले तर नेमके आहेत. गार हवा हे सर्दीचे कारण नसून ती विषाणूंमुळे होते आणि पाळणाघरात ती मुलांकडून मुलांकडे येतच राहते. त्याला मोज्यांचा उपयोग नाही. मोजे काढल्यावर अनवाणी मात्र बाहेर सोडू नये, कारण अंगणातली शहाबादी फरशी दुपारी तव्यासारखी तापते. त्यासाठी मागे पट्टा असलेल्या, बोटे झाकणाऱ्या मऊ चपला द्याव्यात.

पुरळात पू दिसू लागला किंवा सोबत ताप आला, तर घरगुती उपाय न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मूल मलूल झाले, अंग तापले आणि लघवी कमी झाली तर संध्याकाळची वाट न पाहता लगेच फोन करावा, असे ताईंना आत्ताच सांगून ठेवा आणि पिशवीत जादा कपड्यांच्या दोन जोड्यांबरोबर तुमचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा.