मदत हवी आहे: रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकू येतं, फोनवर पाठवलं की आवाज गायब!

वाचनवेडी
माईक कॉम्प्युटरला जोडून घरीच पुस्तक वाचून रेकॉर्ड करतेय. हेडफोन लावून ऐकलं की आवाज येतो. जरा विचित्र, पोकळ वाटतो, पण येतो. तीच फाइल ज्या काकूंसाठी वाचतेय त्यांना पाठवली, तर त्या म्हणतात नुसती खरखर आहे, बोलणं काहीच नाही. माझ्या फोनच्या स्पीकरवरही तेच. काकूंना दिसत नाही, फोनवर ऐकणं हाच त्यांचा मार्ग आहे आणि पुढचं प्रकरण परवा द्यायचं कबूल केलंय. सगळे आवाज फुल करून झाले. लवकर सांगा प्लीज!

मंद्रसप्तक
माहिती फारच तोकडी आहे. माईक कुठला? कुठल्या रंगाच्या सॉकेटमध्ये लावलाय? गुलाबी म्हणजे माईक, निळं म्हणजे लाइन इन (मिक्सर, प्लेअर यांचा मोठा सिग्नल घेणारं), हिरवं म्हणजे स्पीकर. विंडोज की लिनक्स? रेकॉर्ड कशात करता?

क्लिककर
विंडोजमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, मायक्रोफोन असं जा. तिथे परवानगी बंद असते. माझं असंच झालं होतं, दोन मिनिटांत सुटलं.

वाचनवेडी
@क्लिककर परवानगी बंद असती तर रेकॉर्डच झालं नसतं ना? ऑडॅसिटीत (त्याच प्रोग्राममध्ये रेकॉर्ड करते) आवाजाच्या लाटा चांगल्या उंच दिसताहेत.
@मंद्रसप्तक शुअर एसएम५८, विंडोज १०, निळं सॉकेट.

मंद्रसप्तक
एसएम५८ थेट निळ्यात? मग लाटा उंच दिसायलाच नकोत. तो डायनॅमिक माईक आहे, म्हणजे चुंबकात हलणाऱ्या तारेच्या कॉइलवर चालणारा, त्यातून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात. लाइन इनला त्याच्या कितीतरी पट सिग्नल लागतो. मध्ये काहीतरी आहे जे तुम्ही सांगितलेलं नाही.

वाचनवेडी
मध्ये छोटा मिक्सर आहे. तो तर लागतोच ना? माईक मिक्सरला, मिक्सर कॉम्प्युटरला.

आठवा_सूर
मिक्सर, साउंड कार्ड सगळं बाजूला ठेवा आणि यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माईक यूएसबीने कॉम्प्युटरला जोडणारा डबा) घ्या. माझं ऐका, मदरबोर्डवरच्या साउंड कार्डात पंख्याची, हार्ड डिस्कची कुरकुर येतेच. इंटरफेस घेतल्यापासून मी मागे वळून पाहिलेलं नाही. आणि रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झवर करा, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ९६ हजार नमुने.

हिरवा_जॅक
मिक्सरवर ४८ व्होल्टचं फॅन्टम बटण (काही माईकना केबलीतूनच वीज देणारं) दाबलेलं असेल तर आधी बंद करा! डायनॅमिक माईक जळतो त्याने.

मंद्रसप्तक
जळत नाही हो. केबल धड असेल तर फॅन्टमचा दाब एक्सएलआरच्या (माईकच्या तीन पिनांच्या जोडणीच्या) २ आणि ३ नंबरच्या पिनांवर सारखाच असतो, त्यामुळे कॉइलमधून प्रवाह वाहतच नाही. जपायचं ते रिबन माईकला, त्यात धातूची पातळ नाजूक पट्टी असते. आणि @आठवा_सूर, परवा फाइल द्यायची आहे त्यांना. ९६ कशाला? ४४.१ किलोहर्ट्झमध्ये सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, आणि एसएम५८ची मजल १५,००० हर्ट्झची.

हिरवा_जॅक
जळत नसला तरी गरज नसताना चालू का ठेवायचं? केबलीत एखादी तार सुटली तर मग?

मंद्रसप्तक
बंद ठेवा, ते मान्य. पण त्याने यांचा आवाज परत येणार नाही.

उशीवाला
पोकळ आवाज म्हणजे खोली घुमतेय! उघड्या भिंतींपुढे बसून वाचू नका. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून बसा, पाठीमागून येणारा प्रतिध्वनी मरतो. माईक तोंडापासून चार बोटांवर, थोडा तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ' धडकत नाहीत.

तारायंत्र
खोली घुमली तर फोनवरही पोकळ येईल, गायब होणार नाही. हेडफोनवर आहे आणि फोनच्या स्पीकरवर नाही, हीच खरी खूण आहे. ताई, दोन गोष्टी सांगा. मिक्सरच्या कुठल्या सॉकेटमधून केबल निघते? आणि केबलच्या दोन्ही टोकांच्या पिनवर काळ्या रिंगा किती आहेत?

आठवा_सूर
इंटरफेस असता तर या रिंगा मोजायची वेळच आली नसती.

वाचनवेडी
'मेन आउट एल' लिहिलंय तिथून. मोठ्या पिनवर दोन काळ्या रिंगा, कॉम्प्युटरकडच्या बारीक पिनवरही दोन.

तारायंत्र
सापडलं. मेन आउट बॅलन्स्ड आहे. त्यात एकच आवाज दोन तारांवर जातो, एका तारेवर सुलटा, दुसरीवर उलटा. समोर बॅलन्स्ड इनपुट असेल तर तो दोघांतला फरक घेतो, आणि वाटेत दोन्ही तारांवर सारखा शिरलेला गुणगुणाट पडून जातो. पण तुमचं निळं सॉकेट बॅलन्स्ड नाही, स्टिरिओ आहे. त्याला वाटतं पहिली तार डावा कान, दुसरी उजवा. म्हणजे तुमच्या फाइलीत डावीकडे सुलटा आवाज आहे आणि उजवीकडे तोच उलटा. हेडफोनमध्ये दोन्ही कान वेगळे, म्हणून ऐकू येतो, फक्त डोक्यात कुठेतरी तरंगल्यासारखा. एका स्पीकरच्या फोनमध्ये दोन्हींची बेरीज होते. दोघांनी दोरी सारख्याच जोराने उलट्या बाजूंना ओढावी तसं होऊन बोलणं शून्य होतं. दोन्हीकडे जे वेगवेगळं आहे, म्हणजे साउंड कार्डाची खरखर, तेवढंच उरतं.

खात्री करायची तर ऑडॅसिटीत एखाद्या शब्दावर झूम करत जा, अगदी एकेक लाट सुटी दिसेपर्यंत. वरच्या पट्टीत जिथे शिखर, तिथेच खालच्या पट्टीत दरी दिसेल.

वाचनवेडी
अगदी तसंच दिसतंय!! वरची आणि खालची एकमेकींचं प्रतिबिंब. मग आता? आधीची प्रकरणं परत वाचायची का?

तारायंत्र
मुळीच नाही. ट्रॅकच्या नावावर क्लिक करा, 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' निवडा, खालचा ट्रॅक काढून टाका, उरलेला एक्स्पोर्ट करा. झालं. फक्त मूळ स्टिरिओ फायली जपा. ज्या फाइली दोन्ही बाजू मिसळून मोनो (एकच पट्टी) करून सेव्ह केल्या असतील आणि मूळ ठेवली नसेल, त्यांतलं बोलणं परत मिळत नाही.

मंद्रसप्तक
काढून का टाकायचा? खालच्या ट्रॅकवर 'इन्व्हर्ट' इफेक्ट लावा आणि मग दोन्ही मिसळा. केबलीने पकडलेला गुणगुणाट दोन्हीकडे सारखा असेल तर तोही कटेल.

तारायंत्र
बरोबर आहे, आवाज थोडा स्वच्छ मिळेल. पण परवाची मुदत आहे, एक ट्रॅक काढणं कमी कटकटीचं. पुढच्या रेकॉर्डिंगसाठी मेन आउट सोडाच. मिक्सरवर लाल-पांढरी 'टेप आउट' सॉकेटं असतील तर तिथून आरसीए ते स्टिरिओ बारीक पिन अशी केबल निळ्यात लावा. ती सॉकेटं बॅलन्स्ड नसतात, त्यामुळे हा घोळ होत नाही. फक्त माईकच्या चॅनेलचा पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे ते ठरवणारं बटण) मध्यभागी ठेवा. आणि मिक्सरचं आउटपुट गुलाबी सॉकेटमध्ये कधीच लावू नका. तिथे माईकसाठीचा छोटा विद्युतदाब असतो आणि एवढा मोठा सिग्नल आला की आवाज फाटतो.

वाचनवेडी
एक ट्रॅक काढून फाइल पाठवली. काकूंचा लगेच फोन आला, शब्द न् शब्द ऐकू येतोय! टेप आउट आहे मिक्सरवर, जुन्या डीव्हीडी प्लेअरची केबल लागली. आता त्यात दोन्ही पट्ट्या एकाच बाजूला वर जाताहेत. @तारायंत्र, मनापासून आभार. @मंद्रसप्तक, राहिलेली प्रकरणं इन्व्हर्ट करून बघते.

उशीवाला
कपाटाचंही करून बघा हं.

वाचनवेडी
आज रात्री बघते.

नवा_कान
इथेच विचारतो. माझा यूएसबी माईक आहे, बोललेलं हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतं. काय करू?

मंद्रसप्तक
वेगळा धागा काढा. आणि माईकचं मॉडेल, विंडोज की लिनक्स, हेडफोन माईकला लावलेत की कॉम्प्युटरला, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.